दुपारी दीड ते संध्याकाळी सहा

मूल पहिलीत गेले की आईबाप जरा मोकळे होतात, असे सगळेच म्हणतात, आणि ज्यांच्या घरी दिवसभर कोणी ना कोणी मोठे माणूस असते त्यांच्यापुरते ते खरेही असेल. दोघेही नोकरीवर जाणाऱ्या आमच्यासारख्या घरात मात्र नेमके उलटे घडते. मुलगी बालवाडीत होती तेव्हा सकाळी तिला पाळणाघरात सोडले की तिथल्याच बाई तिला बालवाडीत नेत, परत आणत आणि संध्याकाळपर्यंत सांभाळत; तिची दिवसभराची जबाबदारी एकाच ठिकाणी असे. पहिलीचा प्रवेश झाला आणि त्या पाळणाघराने नियमाप्रमाणे सांगितले की सहा वर्षे पूर्ण झालेली मुले आम्ही ठेवत नाही. शाळा सकाळी नऊला भरते आणि दुपारी दीडला सुटते. माझी नोकरी पतसंस्थेत, दहा ते साडेपाच. शहरातल्या माळनाक्यावरून नाचणे भागातल्या घरी पोचेपर्यंत सहा वाजतात. मधले साडेचार तास कोणाचे, हा प्रश्न रत्नागिरीत पहिल्या पावसाबरोबरच आमच्या घरात आला.

हे साडेचार तास नीट पाहिले तर शाळेच्या वेळेइतकेच भरतात. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तासांचे अध्यापन ठरवून दिले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. सहा वर्षांच्या मुलाला एवढे पुरते, आणि शाळेने मुलांना आणखी वेळ बाकावर बसवावे असे मला मुळीच वाटत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे ठरवले, तेही मुलांच्या झोपेचा विचार करून, आणि तो निर्णय योग्यच होता. तरीही एक गोष्ट मनाला लागते. शाळा निवडण्यासाठी आम्ही जवळजवळ वर्षभर चौकशा केल्या, माध्यमावर चर्चा केल्या, शिक्षकांना भेटलो, वर्ग पाहिले. दिवसाच्या दुसऱ्या अर्ध्याचा विचार मात्र आपल्याकडे ‘होईल काहीतरी सोय’ एवढ्यावर सोडलेला असतो. मूल ज्या माणसाच्या नजरेखाली जेवते, झोपते, पडते, रडते आणि खेळते, तो माणूस निवडायला शाळेइतकाच वेळ द्यायला हवा.

यात कायद्याचाही मोठा भाग आहे, आणि त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्याने तीसहून अधिक स्त्रिया जिथे काम करत तिथे त्यांच्या मुलांसाठी पाळणाघराची खोली बंधनकारक केली, पण ती सहा वर्षांखालील मुलांसाठी. अंगणवाड्या ज्या योजनेतून उभ्या राहिल्या ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि तिच्यातही मुलाचे वय सहापर्यंतच. केंद्राची पाळणाघरांची योजना आता ‘पाळणा’ या नावाने चालते. तिची मर्यादा सहा महिने ते सहा वर्षे अशीच आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करायला लावली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला पाहून येण्याची मुभा दिली. पण आमच्या पतसंस्थेसारख्या, मोजकी माणसे असलेल्या ठिकाणी ती लागूच होत नाही, आणि लागू झाली असती तरी तिथे शाळकरी मुलाला बसवून घेतले असते की नाही हे व्यवस्थापनाच्या मर्जीवरच राहिले असते. सहाव्या वर्षापर्यंत मूल सांभाळण्याची गोष्ट समजले जाते. सहाव्या वर्षी ते शिकवण्याची गोष्ट होते आणि सांभाळण्याचे काम कोणाच्याच यादीत उरत नाही. सहा वर्षांच्या मुलीला मात्र बुटाची नाडी अजून बांधता येत नसते, विजा चमकल्या की कोणाच्या तरी कुशीत शिरायचे असते आणि दुपारी तीनच्या सुमारास तिला अनावर झोप येते.

कोकणात हा प्रश्न काढला की पहिले उत्तर ठरलेले असते: आजीला बोलवा. उत्तर चांगल्या मनाने दिलेले असते आणि त्यामागे एक जुने चित्र असते, मोठे घर, लांब पडवी, खेळणारी भावंडे आणि भाताचे आधण ठेवलेली आजी. ते चित्र खोटे नाही, पण ती माणसे आता कुठे आहेत हे पाहायला हवे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी भरली. घरटी एक-दोन माणसे मुंबईला चाकरमानी झाली आणि मागे राहिल्या त्या बहुतांशी वयस्क स्त्रिया, ज्यांच्यावर घर, गुरे, कलमे, भातशेती आणि देवाचे वार्षिक, सगळेच येऊन पडले. माझ्या सासूबाई राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी असेच सगळे पेलतात. जूनमध्ये मुलीची शाळा सुरू होते तेव्हाच त्यांचे तरव्याचे, म्हणजे भाताची रोपे तयार करण्याचे, दिवस असतात, जुलैत लावणी, आणि गणपती झाले की भात पोटरीला येऊ लागते. आम्ही त्यांना विचारले. त्या लगेच नाही म्हणाल्या नाहीत. दोन दिवस विचार करून त्यांनी सांगितले की नातीसाठी मी येईन, पण दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये दिवसभर दार लावून बसायची सवय मला नाही, आणि दुभती म्हैस कोणाच्या दारात नेऊन बांधू ते तुम्हीच सांगा. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना स्वतःचा दिवस आहे, त्यात त्यांचे कर्तेपण आहे, आणि सत्तरीकडे झुकलेल्या बाईने ते सगळे मोडून आमच्या वेळापत्रकातली एक फट बुजवावी अशी अपेक्षा धरणे मला अन्यायाचे वाटते. आजी ही मुलीच्या आयुष्यातली मोठी श्रीमंती आहे. ती शिमग्याला, गणपतीत आणि मे महिन्यात भरभरून मिळते. रोजची बिनपगारी नोकरी म्हणून ती मागू नये.

नवऱ्याची नोकरी कोकण रेल्वेत, रुळांच्या देखभालीच्या कामावर. ज्यांच्या घरी हे काम आहे त्यांना ठाऊक असते की पावसाळी वेळापत्रक लागले की रजा हा शब्द घरात काढायचा नसतो. दरडी, कटिंगमध्ये साचणारे पाणी, रात्रीची गस्त. जून ते ऑक्टोबर हेच त्याचे सर्वांत जिकिरीचे महिने, आणि मुलीच्या पहिलीचेही सर्वांत नाजूक महिने तेच. शाळेतून येण्याजाण्याची घडी बसायची, नव्या बाईंची भीती जायची, डबा संपवण्याची सवय लागायची ती याच दिवसांत, जेव्हा बाप दुपारी एकतर बोगद्याच्या तोंडाशी असतो किंवा रात्रपाळी करून झोपलेला असतो. मी नोकरी सोडावी का, हाही विषय झाला. सुचवणाऱ्यांनी तो माझ्याच वाट्याचा धरला होता आणि नवऱ्याने तो तसा मानला नाही, याचे मला फार समाधान आहे. घराचे हप्ते दोन पगारांवर उभे आहेत ही गोष्ट खरीच. पण मला माझे काम आवडते, हेही तितकेच खरे कारण आहे आणि ते सांगताना मला संकोच वाटत नाही.

मग आम्ही बाहेरच्या सोयी पाहायला लागलो. शिकवण्यांची साखळी हा सर्वांत सहज हाताला लागणारा मार्ग होता: दोन ते तीन गृहपाठाचा क्लास, तीन ते चार अबॅकस, मग चित्रकला, मग कराटे, आणि या सगळ्यांमधून मुलांना नेणारे एक रिक्षावाले काका. पुष्कळ घरांत हे चालते आणि त्यांची अडचण मी समजू शकते, पण या मार्गावर मी पहिल्याच दिवशी फुली मारली. साडेचार तास वर्गात बसून आलेल्या मुलीला पुन्हा तितकाच वेळ निरनिराळ्या सतरंज्यांवर बसवणे म्हणजे तिच्या दिवसातला एकही तुकडा तिच्यासाठी न ठेवणे. शिवाय या साखळीत प्रत्येकजण आपल्या तासापुरता जबाबदार असतो. मुलीला दोन वाजता ताप चढला तर तिला घेऊन कोण बसणार, याचे उत्तर एकाही क्लासकडे नव्हते.

घरीच बाई ठेवण्याचाही विचार केला. ओळखीची, विश्वासाची बाई मिळाली असती तर तो मार्ग वाईट नव्हता, पण बंद ब्लॉकमध्ये एक मोठे माणूस आणि एक मूल, दोघांच्या मध्ये टीव्ही, हे दृश्य मला पटेना. मुलीला मुले हवीत. तिच्या वयाची, तिच्याहून मोठी, तिला पाडणारी आणि मग उठवणारीही.

राहिली घरगुती पाळणाघरे, म्हणजे एखादी गृहिणी आपल्याच घरी पाच-दहा मुले सांभाळते ती. अशा जागा आम्ही पाहत गेलो, आणि पाहताना काय पाहायचे हे हळूहळू कळत गेले. एक गोष्ट मी प्रत्येक आईबापाला सांगेन: जागा पाहायला संध्याकाळी जाऊ नये. संध्याकाळी घर आवरलेले असते, मुले हातपाय धुऊन बसलेली असतात आणि बाई बोलायला मोकळ्या असतात. दुपारी दोन ते चारमध्ये, त्यांची परवानगी घेऊन, जावे. तेव्हाच कोण झोपले आहे, कोण रडते आहे, कोणाला जेवण भरवले जाते आहे आणि त्या गडबडीत त्या बाईंचा आवाज कसा लागतो, हे दिसते. एका घरी सगळी मुले ओळीने टीव्हीसमोर बसलेली होती. गोंगाट नव्हता, भांडण नव्हते, घर लख्ख होते; तरी मला तिथे थांबवेना, कारण मी असेपर्यंत त्यातल्या एकाही मुलाने मागे वळून पाहिले नाही.

कोकणातल्या घराची पाहणी शहरातल्या पुस्तकी यादीने होत नाही. इथे पहिली नजर विहिरीवर जायला हवी. कठडा मुलाच्या छातीच्या वर आहे का, वर जाळी आहे का, आणि ती जाळी खरोखर रोज लावली जाते की पाणी काढण्यासाठी बाजूला सारून तशीच ठेवलेली असते, हे जवळ जाऊन पाहायला हवे. जाळीच्या कडेला पालापाचोळा धरला असेल तर ती जागची हललेली नाही हे कळते. दुसरी नजर लाकडांवर. पावसाळ्याची बेगमी म्हणून रचलेली लाकडे, नारळाच्या सोडणांचा ढीग, बांधकामातून उरलेले चिरे हे सगळे मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब हवे, कारण फुरसे हा विषारी साप अशाच ठिकाणी बसतो आणि तो मुलाच्या बोटाहून फार जाड नसतो. तिसरी नजर पऱ्यावर, म्हणजे जवळच्या ओढ्यावर. मे महिन्यात ज्यातून मुले खडे वेचतात तो पऱ्या जुलैत एका सरीत गुडघाभर होतो, आणि आपण जागा पाहायला जातो त्या दिवसांत तो कोरडाच असतो. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो तिथे कोरड्या दिवशी पाहिलेले घर पुन्हा एकदा भर पावसात पाहायला हवे.

घरातल्या माणसांबद्दल विचारायला संकोच वाटतो, पण तो संकोच गिळलाच पाहिजे. दुपारी घरात कोण कोण असते, वरच्या खोलीत भाडेकरू आहेत का, येणारेजाणारे कोण, मुलांना शौचालयात कोण नेते आणि दाराला आतून कडी लागते का, हे सगळे मी प्रत्येक ठिकाणी विचारले. एका घरी या प्रश्नांनी बाईंना वाईट वाटले आणि त्यांनी तसे बोलूनही दाखवले. दुसऱ्या घरी त्याच प्रश्नांवर बाईंनी मला थेट न्हाणीघर दाखवायला नेले. लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा २०१२ मध्ये आला आणि तो मुलगी-मुलगा असा भेद करत नाही. अठरा वर्षांखालील प्रत्येकासाठी तो आहे. मुलगे असलेल्या आईबापांनीही हे प्रश्न विचारावेत असे मला कळकळीने वाटते, कारण आपल्याकडे ते विचारायचे असतात ते मुलीच्याच बाबतीत, असा एक घातक समज आहे. मुलीकडून आम्ही १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक पाठ करून घेतला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिला सांगितले की कोणीही मोठ्या माणसाने ‘हे आईला सांगायचे नाही’ असे म्हटले तर तीच गोष्ट आईला सर्वांत आधी सांगायची.

माशांचाही प्रश्न आला, आणि तो मला वाटला होता त्याहून खोल निघाला. एका चांगल्या, स्वच्छ, मायेच्या घरी बाईंनी सुरुवातीलाच सांगितले की आमच्याकडे मासे किंवा अंडे आणलेला डबा चालत नाही. त्यांच्या घरात काय शिजावे आणि काय यावे हे ठरवण्याचा त्यांना अधिकार आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या घरात बांगड्याचे तिखले झाले नाही असा आठवडा जात नाही. आठवड्यातले पाच दिवस आपल्या घरचे जेवण लपवायचे असते असे मुलीला वाटू लागले, किंवा कोणी ‘तुझ्या डब्याला वास येतो’ म्हटले, तर ते तिच्या मनात किती वर्षे राहील याचा मी विचार केला आणि ते घर सोडून दिले. मूल जिथे रोज जेवते तिथे त्याच्या घराचा मान राखला गेला पाहिजे.

शेवटी निवडले ते घर शाळेच्या मागच्या वाडीत आहे. तिथल्या काकू पूर्वी बालवाडीत मदतनीस होत्या; मुले मोठी होऊन बाहेरगावी गेल्यावर त्यांनी हे काम घरातच सुरू केले. घर जुने, चिऱ्यांचे, पुढे लांब पडवी आणि पडवीला लाकडी गज. पावसात मुलांना अंगणात जाता आले नाही तरी बाहेर असल्यासारखे वाटते. काकू शाळा सुटायच्या दहा मिनिटे आधी फाटकाशी उभ्या असतात, आपल्या मुलांची नावे मोजतात आणि पाखाडीच्या पायऱ्या उतरताना लहान मुलांना दगडी गडग्याच्या बाजूला आणि मोठ्यांना बाहेरच्या बाजूला चालवतात. पायऱ्यांवर शेवाळ धरते म्हणून पावसाआधी त्यांनी त्या खराट्याने घासून घेतल्या होत्या आणि वळणावर बांबूचा कठडा बांधून घेतला होता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक मुलगा जेवताना रुसून भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याला कोणी ओढून आणले नाही. काकूंनी त्याचे ताट झाकून त्याच्या शेजारी ठेवले, बाकीच्यांना वाढले, आणि थोड्या वेळाने त्याच्या बाजूला बसून नुसत्या तांदूळ निवडत राहिल्या. पाचेक मिनिटांनी त्याने आपणच ताटावरचे झाकण काढले. माझा निर्णय बहुधा तिथेच झाला. मी अभ्यासाबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “आधी जेवू दे गो तिला, मग लोळू दे. अभ्यास काय, पाच वाजता पण पाटी तिथेच असते.”

काकूंचे हे वाक्य ऐकून काही पालक खट्टू होतात, असे त्यांनीच सांगितले. दिलेल्या पैशांच्या बदल्यात काहीतरी शिकवले जावे असे त्यांना वाटते. मला स्वतःला ते तास रिकामे राहिलेले हवे आहेत. शाळेतून आल्यावर मुलगी तासभर कोणाशी बोलत नाही, पडवीच्या टोकाला बसून पागोळ्यांखाली वाटी धरते आणि भरली की ओतते. त्या तासात तिच्या मनात दिवसभराचे काय काय निवळत असेल ते तिचे तिलाच ठाऊक. त्यानंतर ती माणसांत येते, सागरगोटे खेळते, भांडते, मोठ्या मुलींचे शब्द उचलते. गृहपाठ पाच वाजता होतो आणि कधी होतही नाही, तेव्हा तो रात्री मी करून घेते.

पैशांविषयी थोडे लिहायला हवे, कारण यात आपण फार कोतेपणा करतो. शाळेची फी जूनमध्ये मुकाट्याने भरणारी माणसे पाळणाघराच्या बाईंशी महिन्याचे दिवस मोजत घासाघीस करतात: गणपतीचे दिवस वजा करा, दिवाळीची सुट्टी वजा करा, मूल आजारी होते ते दिवस वजा करा. मे महिन्यात मुले गावी जातात आणि या बायकांचे उत्पन्न पूर्ण थांबते. काकूंशी बोलताना आम्ही आपणहून ठरवले की वर्षाचे बाराही महिने पैसे द्यायचे, आणि त्यांच्याही हक्काच्या सुट्ट्या आधीच लिहून ठेवायच्या. जिच्या हाती आपले मूल दिले तिला आजारी पडण्याचा, माहेरी जाण्याचा आणि भावाच्या मुलाच्या लग्नात मिरवण्याचा अधिकार आहेच. त्या दिवसांसाठी शाळेतल्याच दोन मुलांच्या आयांशी आमचे ठरले आहे. त्यांच्या अडचणीला मी रजा काढते, माझ्या अडचणीला त्या.

खरी कसोटी लागते ती अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या दिवशी. जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात ती मुलांच्या सुरक्षिततेसाठी आणि ते बरोबरच आहे. पण सुट्टी शाळेला असते, पतसंस्थेला नसते, रेल्वेला तर नसतेच. निरोप कधी आदल्या रात्री येतो, कधी सकाळी डबा भरून झाल्यावर. अशा दिवशी मुले घ्यायची की नाही हे प्रत्येक पाळणाघराला प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे, कारण पुष्कळ ठिकाणी ‘शाळा नाही तर आम्हीही नाही’ असा नियम असतो. काकूंचा नियम वेगळा आहे: पायवाटेवर पाणी नसेल आणि आईबाप स्वतः आणून सोडणार असतील तर मूल घेईन, आणि वाडीकडे येणारा साकव, म्हणजे छोटा पूल, बुडायला आला तर पाणी चढायच्या आत फोन करीन, तेव्हा कामावर असाल तरी उठून यायचे. हे त्यांनी ज्या कडकपणे सांगितले त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

आमचे जमले. पण हे लिहायला बसले ते आमचे जमले एवढ्यासाठी नाही. आमच्या गल्लीत मासे घेऊन येणाऱ्या ताईंचा मुलगा माझ्या मुलीच्याच वर्गात आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा त्याचे वडील घरी असतात आणि तेच त्याला शाळेतून नेतात. १ ऑगस्टला बंदी उठते, नारळी पौर्णिमेच्या आगेमागे होड्या समुद्रात जातात, ताई मिरकरवाडा बंदरावरच्या लिलावातून टोपली भरून दुपारभर दारोदार फिरतात, आणि मुलगा सहावीतल्या बहिणीच्या हाती येतो. ती मुलगी अकरा वर्षांची आहे. भावाला भात वाढायचा, त्याला बंदरावर जाऊ द्यायचे नाही आणि आपला अभ्यासही करायचा, एवढे सगळे तिच्याकडे आहे. काकूंचे पैसे ताईंना परवडत नाहीत. काकूंनी कमी घ्यावेत असेही म्हणता येत नाही, कारण त्याही याच पैशांवर घर चालवतात.

बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, हा प्रश्न कधीच ओळखला होता. धाकट्या भावंडांना सांभाळायचे म्हणून आदिवासी पाड्यांवरच्या मुली शाळेत येत नाहीत, हे त्यांनी पाहिले, आणि त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. थोरलीने धाकट्याला सोबत घेऊन यावे, त्याला तिथेच कोणीतरी सांभाळावे आणि तिने वर्गात बसावे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. मुलाच्या घरची परिस्थिती बदलेपर्यंत थांबायचे नाही, शाळेने आपली रचना त्या परिस्थितीप्रमाणे बदलायची, ही त्यांची दृष्टी होती. आज आपल्या डोळ्यांसमोर दुपारी सुटणाऱ्या शाळा आणि संध्याकाळी सुटणारी कामे आहेत, आणि मधले तास पुन्हा कोणाच्या तरी थोरल्या मुलीवर पडले आहेत.

माझ्या मुलीची शाळा अनुदानित आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते, तीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. पटसंख्या घटल्यामुळे तुकड्या कमी झाल्या आहेत आणि तळमजल्यावरचे दोन वर्ग दुपारी रिकामे असतात. शौचालये, नळ, कुंपण आणि खिचडी शिजते ते स्वयंपाकघर, सगळे तिथे आहेच. त्यातला एक वर्ग दीड ते सहा या वेळेत मुलांसाठी उघडा ठेवावा, वाडीतल्या दोन स्त्रियांना रीतसर मोबदला देऊन तिथे नेमावे, ज्यांना शक्य आहे त्या पालकांनी जास्त आणि ज्यांना नाही त्यांनी कमी द्यावे, सतरंज्या आणि गोष्टींची पुस्तके पालकांनी आणावीत, आणि तिथे शिकवणी म्हणून काही घेऊ नये, असा अर्ज आम्ही काही आयांनी मिळून समितीकडे दिला आहे. मुख्याध्यापिका बाईंनी तो आस्थेने वाचला आणि तीन शंका काढल्या: शाळेच्या वेळेनंतर आवारात मूल पडले तर उत्तरदायी कोण, सहानंतरही पालक आले नाहीत तर किल्ली कोणाकडे, आणि नेमलेल्या स्त्रियांची पोलिस पडताळणी कोण करून घेणार. तिन्ही शंका रास्त आहेत. पडताळणीच्या अर्जांचे काम मी घेतले आहे, किल्लीचे पाळीपत्रक दुसरी एक आई तयार करते आहे, आणि उत्तरदायित्वाचा मसुदा आमच्यातल्या एका वकील पालकांनी लिहून द्यायचे कबूल केले आहे. समितीची पुढची सभा दुपारी तीनला ठेवली होती. मासे विकून ताईंना त्या वेळी येता आले नसते, म्हणून ती संध्याकाळी सातला घ्यावी अशी आम्ही विनंती केली आणि बाईंनी ती मान्य केली.